पोर्ट पाचशे सत्त्याऐंशी

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
जिथे नाल्याचा रंग वारावारी बदलतो,
मढवी क्रेन सर्व्हिसचं ऑफिस आहे.
पत्र्याचा कंटेनर, त्याला खिडकी कापलेली.
आत एसी, एकवीरेचा फोटो, आणि हसुराम मढवी.
म्हणाले, "यो मेल मना सगला दाखवतं,
पन कोनी उत्तर देत नाय."

खुर्ची ओढून बसले.
येणारी बाजू आधी पाहिली:
आयमॅप, नऊशे त्र्याण्णव, कुलूप लागलेलं. ठीक.
पत्रं येत होती. विम्याची, टायरवाल्यांची,
आणि त्या बँकेची, जिला त्यांना कर्ज द्यायचंच होतं.
मग जाणारी बाजू उघडली.
तिथे भाच्याने पंचवीस लिहून ठेवलं होतं.

पंचवीस हे जुनं दार.
भामट्यांचं टपाल सुटू नये म्हणून
नेटवाल्यांनी त्याला कधीच बाहेरून कडी घातली आहे.
भाच्याला कोण सांगणार? तो दुबईला.

"काका, येणारं टपाल एक माणूस आणतो,
जाणारं दुसराच नेतो.
तुमच्याकडे दुसरा आलाच नाही."

ते हसले.
मग हसायचे थांबले.
"कवापासून?"

आउटबॉक्समध्ये त्रेसष्ट पत्रं.
सगळ्यात खालचं चैत्रातलं.
तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला तीस टनी क्रेनचा दर.
उरणला दर. पावण्याला दर, सुधारित दर,
मग "आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत",
मग तेच, फक्त "कृपया" जोडून.
आणि मधेच, वैशाखातलं:

पोंक्षेसाहेब, आमच्या हर्षालीची हळद आहे.
अंगण आपलंच समजा. सहकुटुंब या.
मटणाची पंगत वेगळी, तुमचं वरणभात वेगळं.

त्याच्या वर, नऊ दिवसांनी लिहिलेलं:

पोंक्षे, तुम्ही मोठी माणसं.
आमच्या दारात पाय कशाला ठेवाल?
वीस वर्षांची ओळख संपली समजा.

दोन्ही एकाच पेटीत, एकावर एक,
जागची न हललेली.

मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं:
ऐरोलीला सिग्नलवर पोंक्ष्यांची गाडी शेजारी आली,
त्यांनी काच खाली केली,
"आन मी माजी वर केली."
एसीचं पाणी बाहेर डब्यात ठिबकत होतं.

मला खरं तर दिघ्याला पुढचा कॉल होता.
तरी म्हटलं, "मी नंबर बदलला
की हे सगळं एका दमात सुटेल.
काय जाऊ द्यायचं, काय नाही, ते आत्ताच बघा.
मी चहा पिऊन येते."

टपरीवर दोन कप प्यायले.
परत आले तर यादी रिकामी होत आलेली.
दर सगळे काढले होते. डिझेल वाढलंय.
रागाचं पत्रही नव्हतं.
राहिलं होतं एकच,
ज्याची हळद कधीच धुऊन गेली होती,
ज्याची नवरी अलिबागला नांदत होती.

"हे?"
"जाऊ दे."
मग जरा थांबून,
"त्याला तारीख कनची दिसंल?"
"लिहिली तीच. वैशाखातली."
"मंग बरा."

मी पाचशे सत्त्याऐंशी लिहिलं.
सुरक्षा: हो. ओळख पटवणे: हो.
पासवर्ड त्यांनी एका बोटाने टाकला,
तेवढा वेळ मी खिडकीबाहेर पाहिलं.
यार्डात पिवळी क्रेन मान वर करून उभी होती,
हूक वाऱ्यावर किंचित झुलत.

पाठवत आहे, एकपैकी एक.
निळी पट्टी सरकायला लागली
आणि मढवींचा उजवा हात आपोआप वर गेला,
तळवा जमिनीकडे, बोटं हलकी हलकी हलवत,
जसा खालून क्रेनवाल्याला इशारा करतात:
सावकाश.
सावकाश रे.
खाली माणूस उभा आहे.